मदत हवी आहे: जंतांवर जिवंत बॅक्टेरियाची लस, सेमिनारचा विषय घेतला पण एका जागी गाडी अडकली

वऱ्हाडी_पोट्टी:
नमस्कार मंडळी, मी एमएस्सी मायक्रो शेवटच्या वर्षाला आहे, गाव दारव्हा तालुक्यात. सेमिनारचा विषय असा की साल्मोनेला हा बॅक्टेरिया अर्धमेला करायचा (म्हणजे आजार होणार नाही इतका कमजोर), त्यात जंताचं एखादं जीन टाकायचं आणि तोच लस म्हणून तोंडावाटे द्यायचा. विषय घेण्याचं कारण घरच्या बकऱ्या. श्रावण लागला की एखादीच्या जबड्याखाली पाणी उतरतं, डोळ्याची पापणी उलटून पाह्यली तर आतून पांढरीफटक. डॉक्टर म्हणतात हिमोंकस, चौथ्या पोटात बसून रक्त पितो. बाबा अल्बेंडाझोल पाजून राहिले पण आता फरकच पडत नाही, जंत औषध पचवून बसलेत.

जिवंत बॅक्टेरिया पाजणं काही नवीन नाही हे कळलं, टायफॉइडची टीवाय२१ए तशीच लस आहे. मॅकगिल युनिव्हर्सिटीवाल्यांनी वायएस१६४६ ही मुळात कॅन्सरवरच्या उपचारासाठी बनवलेली साल्मोनेलाची स्ट्रेन घेतली, त्यात शिस्टोसोमाचं (रक्तवाहिन्यांत राहणारा जंत) कॅथेप्सिन बी हे प्रोटीन टाकून उंदरांना दिलं आणि जंत बरेच कमी झाले.

आता अडचण. साल्मोनेला पेशीच्या आत राहणारा, त्यामुळे शरीर टीएच-१ कडे (पेशीत लपलेल्या जंतूंशी लढायचा प्रतिकार) वळतं, इंटरफेरॉन गॅमा वगैरे. आतड्यातले जंत बाहेर काढायला तर टीएच-२ (जंतांविरुद्धचा प्रतिकार) लागतं ना, आयएल-४, आयएल-१३, इओसिनोफिल, म्यूकस. मग उलट्या दिशेच्या लसीचा उपयोग काय? गाईडला विचारलं तर म्हणे रिव्ह्यू वाच, वाचले तर डोकं अजूनच फिरलं. दुसरं म्हणजे अँटिजेन म्हणून (म्हणजे शरीराला ओळखायला द्यायचं जंताचं प्रोटीन) हिमोंकसचं एच-११ घेऊ का, त्याच्यावरच्या बार्बरवॅक्स लसीत तेच आहे ना?

बकरीवाला_दिग्रस:
पोरी, लस येईन तवा येईन. तवरोक बाबाले सांग का साऱ्या कळपाले एकदम औषध पाजू नका, पापणी पांढरी दिसली त्याच बकरीले पाजा. अन् वजन अंदाजानं धरून डोस कमी देल्ला का जंत मरत नाई, उलटे पक्के होते. औषध बदलाचं असंन तर डॉक्टरले इचारून.

नळीफोड्या_नागपूर:
ताई, शंका रास्त आहे पण सगळ्या जंतांना एकच माप लावू नका. शिस्टोसोमात रेडिएशन दिलेल्या सर्केरियांची (त्याच्या अळ्या) लस उंदरांत बरीचशी टीएच-१ च्याच जोरावर चालते, त्यामुळे मॅकगिलचं काम मला तरी विचित्र वाटत नाही. नुसत्या आतड्यात राहणाऱ्या, रक्त न पिणाऱ्या जंतांसाठी मात्र तुमचं म्हणणं बरोबर.

हिमोंकसचं गणित वेगळं, तो रक्त पितो. बकरीच्या रक्तात अँटिबॉडी फिरत असेल तर रक्तासोबत तो तीही पितो, ती त्याच्या आतड्याच्या अस्तराला चिकटते आणि त्याचं पचन बिघडतं. म्हणजे इथे भरपूर आयजीजी (रक्तात फिरणारी अँटिबॉडी) पाहिजे. आयजीई (अ‍ॅलर्जीवाली अँटिबॉडी) तर उलट डोक्याला ताप, हूकवर्मच्या (अनवाणी पायातून शिरणारा, रक्त पिणारा जंत) एएसपी-२ या प्रोटीनची लस ब्राझीलमध्ये दिली तेव्हा काही जणांच्या अंगावर गांध्या उठल्या, कारण आधीच्या जंतांमुळे त्या प्रोटीनविरुद्धची आयजीई त्यांच्या रक्तात होतीच. मग ते लोक जीएसटी-१ आणि एपीआर-१ कडे वळले, दोन्ही प्रोटीन जंताच्या रक्त पचवण्यातली. आपल्याकडे वावरात अनवाणी राबणारे किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको, तेव्हा हा मुद्दा सेमिनारमध्ये नक्की घ्या.

एच-११ सोडा. बार्बरवॅक्स ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये बाजारात आली, पण त्यातलं प्रोटीन मेंढ्यांच्या पोटातून काढलेल्या खऱ्या जंतांमधून वेगळं करतात. तेच ई. कोलायमध्ये बनवलं की संरक्षण मिळत नाही, घडी नीट पडत नाही आणि वरच्या साखरेच्या साखळ्याही लागत नाहीत. साल्मोनेला त्याचाच चुलतभाऊ, तो काय वेगळे दिवे लावणार. बॅक्टेरियात बनवून काम झालेलं अँटिजेन पाहा, हायडॅटिडचं (फीतकृमीच्या गाठींचा आजार) ईजी९५ ई. कोलायमध्येच बनवलं होतं आणि मेंढ्यांत जोरदार चाललं.

वऱ्हाडी_पोट्टी:
बाप्पा, गाईडपेक्षा इथेच जास्त समजलं 😄 अजून एक विचारते. बॅक्टेरियाने प्लास्मिड (जंताचं जीन ज्यावर बसवतात तो डीएनएचा गोल तुकडा) फेकून दिलं तर? लस पोटात गेल्यावर अँटिबायोटिक थोडंच देत बसणार आपण. आणि प्रोटीन बॅक्टेरियाच्या आतच राहिलं तर शरीराला दिसणार कसं?

नळीफोड्या_नागपूर:
प्लास्मिडसाठी रॉय कर्टिस यांची एएसडी पद्धत पाहा. बॅक्टेरियाच्या क्रोमोसोमवरचं एएसडी जीन उडवायचं, ते नसलं की त्याला स्वतःची भिंत बांधता येत नाही. मग तेच जीन प्लास्मिडवर द्यायचं. प्लास्मिड फेकलं की बॅक्टेरिया खतम, अँटिबायोटिक रेझिस्टन्सचं जीन ठेवायची भानगडच नाही. प्रोटीन बाहेर काढायला त्याला साल्मोनेलाच्या टाइप थ्री सिक्रिशनचा सिग्नल जोडतात, ज्या सुईतून तो स्वतःचे प्रोटीन आपल्या पेशीत ढकलतो त्याच सुईतून जंताचं प्रोटीनही जातं.

पण बकरीचं म्हणाल तर मला खरी काळजी वेगळीच वाटते. पाजलेला जिवंत जीएम (जीन बदललेला) साल्मोनेला लेंड्यांतून बाहेर पडणार, त्या लेंड्या अंगणात, तिथेच लेकरं खेळतात आणि तेच खत वावरात जातं. असलं काही फील्डवर न्यायचं तर जीईएसीची (जीएमला परवानगी देणारी केंद्राची समिती) परवानगी लागते. परीक्षक प्रश्न विचारतील तर इथेच धरतील.

बकरीवाला_दिग्रस:
हे बराबर बोल्ले. आमच्या इथं तर कोठा अन् सैपाकघर यात एकच भीत हाय.

वऱ्हाडी_पोट्टी:
एच-११ वाली स्लाइड उडवली, जीईएसी आणि लेंड्यांची टाकून राहिली. त्या टाइप थ्री सिग्नलचं आकृतीसकट सोपं काही कोणाकडे असेल तर टाका ना, मराठीत असलं तर अजूनच बरं.