मदत हवी आहे: लेकीचा अर्ली डिसिजनचा अर्ज, चान्स कितपत धरायचा?

कुंभारगल्ली_आई

नमस्कार. इथं वाचत असते नेहमी, लिहायची पहिलीच वेळ. विषय घाईचा आहे, अर्जाची तारीख १ नोव्हेंबर आणि सप्टेंबर निम्मा संपला.

मुलगी बारावी सायन्सला आहे, इथं कोल्हापुरातच, जेईईच्या इंटिग्रेटेड बॅचला. उन्हाळ्यात तिनं स्वतःच सगळं शोधून काढलं आणि आता म्हणते अमेरिकेत ब्राउन युनिव्हर्सिटीला अर्ली डिसिजनमधून अर्ज करायचा. म्हणजे आधी एकाच ठिकाणी अर्ज टाकायचा, डिसेंबरच्या मध्याला निकाल, आणि मिळालं तर बाकी सगळं सोडून तिथंच जाणार असं आधी लिहून द्यायचं. त्यावर तिची सही, आमची सही आणि कॉलेजचीपण सही. मी त्या सहीपाशी अडलेय.

मार्क सांगते. दहावी स्टेट बोर्ड ९६.४० (इंटरमिजिएट ड्रॉइंगचे वाढीव धरून), अकरावी ७८, एसएटी (तिकडच्या कॉलेजांसाठीची परीक्षा) ऑगस्टमध्ये दिली त्यात १६०० पैकी १४८०. मिस्टरांचं शिरोलीत छोटं मशीन शॉप आहे, फौंड्र्यांचं जॉबवर्क. सगळं धरून वर्षाला नऊ लाखांच्या आसपास, शिवाय गावाकडे दीड एकर ऊस. तिथला खर्च बघितला तर वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर, म्हणजे आपले जवळजवळ ८० लाख. तेव्हा पूर्ण मदत मिळाली तरच, नाहीतर विषयच नाही.

ऑलिंपियाड नाही, डिबेट नाही. एक गोष्ट आहे ती सविस्तर सांगते, कारण माझा सगळा प्रश्न तिच्यापाशीच आहे. आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीला लागून राहतो. आमच्याकडं पाणी नदीकडून सरळ येत नाही, जयंती नाल्यातून उलटं फिरून येतं, त्यामुळं लोकांना वाटत राहतं अजून लांब आहे आणि रात्रीत दारात असतं. २०२१ च्या जुलैत खालच्या खोलीत कमरेएवढं होतं. समोरच्या काकांच्या शेडमध्ये गणपतीच्या मूर्ती, वरच्या फळीवर नेल्या तेवढ्या वाचल्या, खालच्या रांगेतल्या शाडूच्या नुसत्या बसल्या ओ, चिखल झाला त्यांचा. ती तेव्हा आठवीत. पाणी उतरल्यावर बाबांच्या वर्कशॉपमधली एक लांबडी खतावणी तिनं घेतली आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात लिहितेय, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, गगनबावड्याला पाऊस किती, आणि शेवटच्या रकान्यात आमच्या गल्लीच्या तोंडाला पाणी कुठपर्यंत. तिथल्या भिंतीवर खडूच्या खुणा आहेत तिच्या. पानांवर बाबांच्या ग्रीसचे अंगठेपण आहेत. गल्लीतले लोक आता पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला पोचायच्या आधीच तिला विचारतात, बाळ मूर्ती हलवू का.

पुण्यातल्या एका कन्सल्टंटकडं गेलो होतो. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. म्हणाले ह्याला प्रोफाइल म्हणत नाहीत, साडेचार लाखांचं पॅकेज घ्या, त्यात रिसर्च पेपर छापून देतो आणि निबंध लिहून देतो. बाहेर आल्यावर पोरगी स्वारगेटपर्यंत एक शब्द बोलली नाही.

तर विचारायचंय ते असं. तिचा चान्स खरोखर किती? अर्लीला टक्केवारी जास्त असते म्हणतात ते आमच्यासारख्यांना लागू होतं का? पैशाची मदत मागितली की नाव मागं पडतं का? आणि मदत कमी मिळाली तर त्या सहीचं काय? स्पष्ट सांगा, गोड बोलू नका.

मुळाकाठी

ताई, आमच्या पुतणीच्या वेळी दोन वर्षांपूर्वी हे सगळं केलंय, तेव्हा जेवढं माहिती आहे तेवढं सांगतो.

पहिलं पैशाचं, कारण तुमच्या केसमध्ये तेच पहिलं आहे. अमेरिकेत बहुतेक कॉलेजं परदेशी मुलानं मदत मागितली की ते निवड करताना विचारात घेतात, त्याला नीड-अवेअर म्हणतात, आणि तिथं पूर्ण मदत मागणाऱ्या मुलाला ते जड जातं, हे खरंच आहे. मोजकीच ठिकाणं अशी आहेत की परदेशी मुलांच्या बाबतीतसुद्धा पैसा न बघता निवड करतात आणि निवड झाली की गरज पूर्ण भागवतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट ही जुनी, डार्टमथ आणि बोडन २०२२ मध्ये आली आणि ब्राउन २०२४-२५ च्या फेरीपासून. म्हणजे तुमच्या लेकीनं नाव बघून नाही, हे बघून कॉलेज निवडलेलं दिसतंय. तिला विचारून बघा.

सहीचं भिऊ नका. ती कोर्टातली सही नाही, आणि मदतीचा आकडा तुम्हाला परवडत नसेल तर त्यातून सोडवतात, हे त्या करारातच लिहिलंय. फक्त मदत अर्जासोबतच मागायची, आत्ता मागितली नाही आणि नंतर मागू म्हटलं तर परदेशी मुलांना बऱ्याच ठिकाणी ते दार बंद असतं.

आता टक्केवारी. २०२४-२५ ला ब्राउनला अर्लीचे ५,०४८ अर्ज होते, घेतले ९०७, म्हणजे १८ टक्के. सगळं वर्ष मिळून साडेपाच-पावणेसहा टक्के, आणि अर्ली वजा केली तर उरलेल्यांना जेमतेम चार. हे बघून माणूस म्हणतो अर्लीला चौपट चान्स. तसं नाही. त्या ९०७ मध्ये तिथल्या कोचनी आधीच हेरलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. ती बाजूला काढली की बाहेरच्या मुलासाठी १८ चे किती उरतात ते कॉलेज सांगत नाही. थोडा फायदा आहे, चौपट नक्की नाही.

आयसरवाला_बाबा

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. पोरीला पाण्याचं वेड आहे ना, मग आयसर पुणे, ती सरकारी विज्ञान संस्था, कोल्हापुरापासून चार-पाच तासांवर आहे. तिथली प्रवेशपरीक्षा आयएटी द्यायची, फी आपल्या आवाक्यातली, सुट्टीला घरी येते. ऑक्टोबरभर निबंध लिहीत बसली तर जानेवारीत जेईई, फेब्रुवारीत बोर्ड, हे कधी करणार? माझ्या मुलाच्या वर्गातल्या एकाने असंच केलं, डिसेंबरात तिकडून नकार आला आणि पोरगं पार खचलं, जानेवारीचा अटेम्प्ट वाया गेला. व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणंपण २०२५ च्या मे-जूनमध्ये तीन-एक आठवडे थांबलं होतं, तेपण डोक्यात ठेवा.

कुंभारगल्ली_आई

दादा, राग कसला, हेच तर रात्री डोक्यात फिरत असतं. आयएटी ती देणारच आहे, तेवढं ठरलंय.

मुळाकाठी, तुम्ही म्हणाला तसं विचारलं तिला. आधी हेच म्हणाली, पैसा न बघता घेणाऱ्यांची यादी काढली होती. मग म्हणाली, आई त्या गावालापण आपल्यासारखंच पाणी चढायचं. प्रॉव्हिडन्स गाव. १९३८ आणि १९५४ ला वादळात समुद्राचं पाणी शहरात घुसलं म्हणून नदीच्या तोंडाला मोठे दरवाजे बांधले, १९६६ ला पूर्ण झाले. फॉक्स पॉइंट बॅरिअर. तिच्याकडं त्याचा नकाशा आहे, खतावणीच्या मागच्या पानाला चिकटवलेला. मला हे आजच कळलं.

अकरावीच्या ७८ चं काय करायचं? दहावीच्या ९६ वरून घसरली असंच दिसणार ना.

रंकाळा_मास्तर

ताई, मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवत होतो, आता रिटायर आहे. ह्या ७८ चं औषध तुमच्या हातात नाही, प्रिन्सिपॉलच्या हातात आहे.

असं बघा. तिकडं शाळेत चार वर्षं एकच काउन्सिलर असतो, तो मुलाला ओळखतो, तोच पत्र लिहितो, मार्कशीट पाठवतो. आपल्याकडं नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसरीकडं, आणि इंटिग्रेटेड बॅचचं तर विचारूच नका, प्रिन्सिपॉलना पोरगी हजेरीपटावरचं नाव म्हणून माहीत. मग ते दोन ओळींचं कॅरेक्टर सर्टिफिकेट देतात, शी इज सिन्सिअर अँड ओबिडियंट. संपलं.

तुम्ही काय करायचं, स्कूल प्रोफाइल म्हणून एक कागद लागतो तो तुम्हीच माहिती गोळा करून टाइप करून न्यायचा आणि त्यांना वाचून दुरुस्त करून सही करायला सांगायचं. त्यात लिहायचं की अकरावीला पेपर जेईईच्या पातळीचे होते, वर्गात इतकी मुलं, पहिल्या मुलाला इतके टक्के. वर्गात पहिल्याला ८३-८४ असेल तर ७८ ला एकदम वेगळा अर्थ येतो. हा आकडा त्यांनी स्वतः दिला पाहिजे, मुलीनं सांगून उपयोग नाही. नववीची मार्कशीट जुन्या शाळेतून आत्ताच काढून ठेवा, गणपती-दसऱ्यात क्लार्क सापडत नाही.

शिक्षकांची दोन पत्रं लागतात. त्यातलं एक तरी अशा सरांकडून घ्या ज्यांनी ती वही बघितलीय. कुणीच बघितली नसेल तर उद्या दाखवा.

चार्ल्स_काठचा

मी गेली काही वर्षं बोस्टनजवळ असतो, माझ्या कॉलेजसाठी (ब्राउन नव्हे) भारतातल्या मुलांच्या ऑनलाइन मुलाखती घेतो. निवड आमच्या हातात नसते, पण कुणाचं काय झालं ते कळतं, त्यावरून बोलतो. ताईंनी स्पष्ट सांगा म्हटलंय म्हणून.

आज आहे तशी फाईल गेली तर मी दहात एकपेक्षा कमीच धरेन. १४८० वाईट नाही, पण तिथं निवडलेल्यांत निम्म्याहून जास्त मुलं १५०० च्या वर असतात, आणि भारतातून येणाऱ्या ढिगात तर आणखी वर. ब्राउनला एसएटी आता सक्तीची आहे, त्यामुळं लपवता येणार नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली परीक्षा अर्लीसाठी चालते, नोंदणी अजून सुरू आहे, आजच करा. कुठल्या भागात कमी पडले ते बघा, गणितात गेले असतील तर तीन आठवड्यात निघतात.

पण त्या वहीबद्दल. ताई, मला मुलाखतीत दर वर्षी पेपर छापलेली पोरं भेटतात. दोन प्रश्न विचारले की कळतं कुणी लिहिलाय. सलग पाच पावसाळे एक गोष्ट मोजणारं पोर मला आजवर एकच भेटलं होतं, ते पक्षी मोजायचं. त्या कन्सल्टंटना साडेचार लाख देऊन तुम्ही तुमच्याकडची सगळ्यात भारी गोष्ट झाकून टाकाल. निबंध तिनं स्वतः लिहू दे, ६५० शब्द, भाषा साधी असली तरी चालेल. वहीत चुका असतील, एखादा अंदाज फसला असेल, तर तो आधी लिहू दे. विज्ञान करणाऱ्या माणसाला तेच वाचायचं असतं.

म्हणजे अर्ज करा. पण ब्राउनचा निकाल यायच्या आत बाकीचे चार-पाच अर्ज तयार हवेत, कारण निकाल डिसेंबरच्या मध्याला आणि बाकीच्यांची तारीख जानेवारीच्या सुरुवातीला, मधे दोनच आठवडे आणि तुमची जेईई. डिफर केलं, म्हणजे निर्णय पुढं ढकलला, तर तो नकार नव्हे, अर्ज रेग्युलर म्हणजे नेहमीच्या फेरीत पुन्हा बघतात आणि मग ती सहीपण बांधत नाही. भारतात अशोका युनिव्हर्सिटीलापण टाकून ठेवा, तिथं गरजेनुसार मदत आहे.

मुळाकाठी

एक राहिलं. मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल म्हणून घरच्या पैशाअडक्याचा एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागेल. त्यात वर्कशॉप, मशिनरी, घर, शेती सगळं विचारतात. दीड एकर ऊस लपवू नका, सातबारावर आहे तसा दाखवा, आणि मशीनवर कर्ज असेल तर तेपण. शेतीचं उत्पन्न आणि जॉबवर्कचं उत्पन्न वेगळं लिहा. ज्या वर्षी पुरानं नुकसान झालं त्याचा पंचनामा असेल तर वेगळं पत्र जोडता येतं. आयटी रिटर्नचं काम सीएला आत्ताच सांगा.

कुंभारगल्ली_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत काय झालं ते सांगते.

ऑक्टोबरची एसएटी नोंदवली, केंद्र पुन्हा पुण्यातच मिळालंय. मार्क गणितातच गेले होते. सोमवारी मास्तरांनी सांगितला तसा कागद टाइप करून प्रिन्सिपॉल सरांकडं गेलो. आधी म्हणाले असलं पत्र आजपर्यंत कुणी मागितलं नाही. मग तिनं खतावणी टेबलावर ठेवली. सर मूळचे चिखलीचे निघाले, प्रयाग चिखली, जिथं नद्या एकत्र येतात. त्यांनी २०१९ च्या महापुराचं पान मागितलं. ती म्हणाली सर, माझी वही २०२१ नंतरची आहे. तर त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली, त्या ऑगस्टला त्यांच्या घरात पाणी कुठल्या पायरीला किती वाजता होतं, आणि ही लिहून घेत बसली. पाऊण तास. वर्गात पहिल्याला ८२ आहेत, तेपण त्यांनी रजिस्टर काढून दाखवलं. पत्र मी स्वतः लिहितो म्हणाले.

फसलेल्या अंदाजाचं विचारलं तर आहे तिच्याकडं. गेल्या वर्षी राधानगरीचे दरवाजे उघडले, प्रत्येकी १४२८ क्युसेक, हिनं गल्लीला सांगितलं उद्या पाणी येणार, काकांनी रात्रभर मूर्ती हलवल्या आणि पाणी आलंच नाही. गगनबावड्याचा पाऊस थांबला होता, तो रकाना तिनं त्या दिवशी बघितला नव्हता. काकांच्या दोन मूर्तींचे हात हलवण्यात तुटले. निबंध तिथूनच सुरू केलाय तिनं, काल रात्री मला वाचून दाखवला. मिस्टरांनी सही करतो म्हणून सांगितलंय.

आता एकच अडलंय. अर्जातल्या अॅक्टिव्हिटीच्या रकान्यात फक्त १५० अक्षरं बसतात. राजाराम बंधारा, जयंती नाला, मूर्ती, पाच पावसाळे हे सगळं त्यात मावत नाही. ती म्हणते बंधारा ठेवते आणि मूर्ती काढते, कारण निबंधात त्या येतातच. मला वाटतं मूर्ती ठेवाव्यात. चार्ल्स_काठचा, तुम्ही तिकडची माणसं बघितलीयत, तुम्ही काय ठेवाल?