टेस्टर पेटला तो फेज?
लाल वायर फेज (वीज आणणारी), काळी न्यूट्रल (वीज परत नेणारी) आणि टेस्टर पेटेल ती वायर फेज, असं सांगतात, पण ते नेहमी खरं ठरत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात ऐन मे महिन्यात कूलर बंद पडला. प्लग काढून टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतोय! न्यूट्रल बोर्डात स्क्रूखाली जळून सुटला होता, आणि पंख्याचं बटन चालू असल्याने त्यातून फिरून फेज न्यूट्रलच्या भोकात येत होता. पंखा बंद केला तसा डावीकडच्या, म्हणजे न्यूट्रलच्या, भोकात टेस्टर विझला.

मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायच्या यंत्राने) लगेच कळतं. अर्थिंग शाबूत असेल तर अशा वेळी अर्थिंगचं भोक आणि बाकीची दोन्ही भोकं यांत २३० व्होल्टच्या आसपास, पण दोन भोकांमध्ये जवळपास शून्य. आणि वायरला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा, नुसतं बटन बंद करून भागत नाही. जुन्या घरांत बटन न्यूट्रलवरच बसवलेलं सापडतं, मग ते बंद केलं तरी फेज चालूच राहतो.