पूर बघायला पोरं न्यावीत का?

कृष्णाकाठचा : काल इथं एकानं लिहिलं, "सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पोरांना पूर दाखवायला आणणारे आईबाप बिनडोक. पोरांना पाण्यातलं काय कळतं?" रात्रभर डोक्यात राहिलं. २००५ ला मी आठ वर्षांचा. बाबा तासातासाला आयर्विनला पाणी किती फूट ते विचारायचे : पंचेचाळीस झालं, पन्नास झालं. मी जिन्यात बसून पायऱ्या मोजत होतो. सातव्या पायरीला पाण्यावर काड्या, मुंग्यांचा एक गोळा आणि शेजाऱ्यांची चप्पल. चप्पल गोल फिरून परत येत होती. पाणी मागच्या बोळातूनही शिरलंय, हे घरात आधी मी सांगितलं. धपाटा मिळाला. मोठ्यांना पाणी दिसतच नाही, आकडा दिसतो.

विश्रामबागवहिनी : चिखल कुणी उपसला, तुम्ही की आईनं? २०१९ ला ५७ फुटांवर गेलं. फ्रीज उताणा, गव्हाच्या पोत्यांना कोंब. तो आंबूस वास अजून नाकात आहे. आणि लेक गच्चीवर टाळ्या पिटतेय, "आई, बोट आली!" अशी ओरडले तिला. वाईट वाटतं, पण बरोबरच ओरडले.

निळीरेषा : पोरांचं सोडा. खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला निघालेत, त्यावर बोला.

हरिपूरकर : आली अलमट्टी! सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, वाचलंय? ओढे बुजवून प्लॉट कुणी पाडले, कर्नाटकानं?

निळीरेषा : समितीच्या घरात कुठं पाणी शिरलं होतं?

हरिपूरकर : माझ्या शिरलं होतं! वारणा आमच्या इथं कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की वारणेला वाट मिळत नाही, ती मागं फुगते. कुणा इंजिनिअरनं नाही शिकवलं. लहानपणी संगमावर सोडलेला नारळ उलटा वारणेत शिरला, तेव्हा कळलं.

कृष्णाकाठचा : बघा! लहानपणीच कळलं ना?

हरिपूरकर : नारळापुरतं मान्य. पण मी रोज नदीवर असायचो. तुमची पोरं मगरीच्या भीतीनं घाट उतरत नाहीत, मुटके मारतात ते क्लोरिनच्या टाकीत. वर्षातून एकदा नदी दाखवायची, तीही पुरात, कठड्यावर बसवून फोटोला.

विश्रामबागवहिनी : कठड्यावर बसवणारे बिनडोकच. आमची लेक आता टाळ्या पिटत नाही. पावसानं जोर धरला की मोबाईलवर कोयनेचा विसर्ग बघत बसते. तेही बघवत नाही.

निळीरेषा : आयर्विनला किती फूट आहे आत्ता?