मदत हवी आहे: क्लोफाझिमिनने काळवंडलेला चेहरा पूर्ववत होतो का?
नमस्कार. धाकट्या बहिणीला एमडीआर टीबी (टीबीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी) आहे, लांबचा कोर्स चालू आहे. त्यात क्लोफाझिमिन आहे. हे औषध 1950च्या दशकात डब्लिनमध्ये टीबीसाठीच शोधलं गेलं, पण नाव झालं कुष्ठरोगावर. आता ते परत टीबीकडे आलंय. गुण येतोय, वजनही वाढतंय. पण चेहरा इतका काळवंडलाय की ती घराबाहेर पडत नाही, गोळ्या सोडते म्हणते. मध्येच सोडल्या तर जंतू आणखी चिवट होतील, याचीच धास्ती वाटते. डॉक्टर म्हणतात, कोर्स संपल्यावर रंग हळूहळू निवळतो. तुमच्यापैकी कुणी क्लोफाझिमिन घेतलंय का? रंग निवळायला किती काळ लागला? कृपया लिहा, तिला वाचून दाखवायचंय.