मदत हवी आहे: सेनिओ नदीवरचा मराठा पलटणीचा हल्ला, 9 एप्रिल 1945

नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती इटलीतली लढाई. त्या पदकाच्या मानपत्रानुसार एका कंपनीने पूर्वेच्या बांधावर हल्ला चढवायचा आणि तीनच मिनिटांनी दुसरीने पुढे घुसून पश्चिमेचा बांध घ्यायचा. नदी जेमतेम 15 फूट रुंद, बांध मात्र 30-35 फूट उंच, जर्मनांनी आतून पोखरलेले! घोळ असा की पाणी ओलांडलेल्यांवर मशीनगनचा मारा झाला तो पूर्व बांधाच्याच नदीकडच्या उतारावरून, म्हणजे पाठीमागून. मानपत्र आणि युद्धस्मशानांच्या नोंदी पाहून झाल्या, खुलासा नाही. कागद बघायला लंडनच्या दप्तरखान्यात जाणं जमणार नाही. इंग्रजी कागद चालतील. पहिली कंपनी माथ्यावरच अडकली होती का, आणि पलटणीची त्या दिवसाची युद्धदैनंदिनी भारतात कुठे बघायला मिळेल?