मलिक-ए-मैदान तोफेची लाकडी प्रतिकृती : नळीच्या रिपा, सांधा आणि सिंहमुख यांविषयी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

विजापूरच्या शेरझा बुरुजावरील मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये आमच्या नगरला ओतली गेली, म्हणून यंदाच्या गणेशोत्सवातील देखाव्यासाठी तिची निम्म्या मापाची लाकडी प्रतिकृती करण्याचे काम मंडळाने माझ्याकडे दिले आहे. मूळ तोफ सुमारे ४.४५ मीटर लांब, दीड मीटर व्यासाची आणि ५५ टनांची, माझी २.२ मीटर लांब व ७५ सेंमी व्यासाची होईल आणि ती चौघांना उचलता आली पाहिजे.

१२ मिमी प्लायच्या गोल रिंगा जिगसॉने कापून ठरावीक अंतरावर उभ्या करायच्या आणि त्यांवर तेवढ्याच जाडीच्या ३६ पाइनच्या रिपा लांबीने बसवायच्या, असे ठरवले आहे. परीघ २३६ सेंमीच्या आसपास येत असल्याने रीप साडेसहा सेंमी रुंद धरली आहे. रिपा एकमेकींना नीट भिडण्यासाठी प्रत्येक कडेला पाच अंशांचा उतार द्यावा लागतो. पण ७२ कडा हातरंध्याने एकसारख्या काढणे माझ्या आवाक्यातले वाटत नाही. उतार दिला नाही तर बाहेरून जेमतेम दोन मिलिमीटरची फट राहते. ती लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरली, तर पावसाळी हवेत फुगलेले लाकूड पुढे सुकल्यावर तिथे रंगाला चिरा पडतील का?

दाराची मोकळी रुंदी ८० सेंमी असली तरी जिन्याचे वळण अरुंद आहे, त्यामुळे नळी दोन भागांत करणे भाग आहे. ती मध्यावर आडवी तोडून आतून नटबोल्टने जोडावी, की शेंगेसारखी उभी दुभंगावी? आडव्या सांध्याची रेषा लोकांच्या थेट नजरेसमोर येते, आणि उभ्या सांध्यात रिंगा अर्ध्या झाल्याने नळीचा आकार बिघडेल अशी भीती वाटते.

खरी कसोटी तोंडाची आहे. तिथे सिंहाच्या उघड्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती आहे. सजावटीच्या थर्मोकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, आणि तसेही मला मुख लाकडातच हवे आहे. प्लायचे थर चिकटवून कोरल्यास पटाशीखाली त्याचे पापुद्रे सुटतात. सावंतवाडीच्या खेळण्यांना वापरतात तो पांगारा हलका आणि कोरायला मऊ असतो. मात्र एवढ्या मोठ्या कामासाठी त्याचे ठोकळे एकमेकांना चिकटवून कोणी कोरले आहेत का, आणि नीट वाळलेला पांगारा नगर-पुण्याकडच्या वखारींत मिळतो का, हे कृपया सांगावे.