गौरी-गणपतीची धांदल, दोन मिनिटांचा श्वास आणि तेलाच्या बाटल्या : तुमचे अनुभव लिहा

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या रात्री साडेदहाला मी बाथरूमला आतून कडी लावून नुसती बसले होते. बाहेर बावीस माणसं, पुरणाचं पातेलं घासायचं बाकी, आणि दाराबाहेरून हाका, "अगं, विड्याची पानं कुठे ठेवलीस?" सर्दी होती म्हणून हातरुमालावर निलगिरीचे दोन थेंब टाकले होते. तो नाकाला लावला आणि का कोण जाणे, श्वास मोजत बसले. दहा झाले. मग बाहेर येऊन पानं काढून दिली, न चिडता.

सणाच्या गर्दीत डोकं ठिकाणावर राहावं म्हणून तुम्ही काय करता? ध्यान, श्वास, तेलं, काहीही. फसलेलंही लिहा. फक्त तेलं विकणाऱ्यांनी कृपया दमानं घ्यावं.

ठाणेकरीण
मी बँकेत. आमच्याकडे उभ्या गौरी, सोळा भाज्या, आणि रजा मिळते एका दिवसाची. डोळे मिटून बसायला वेळ नाही, म्हणून मी अळूच्या देठांनाच धरलं. देठाचं टोक मोडायचं, साल नखात पकडून खाली ओढायचं. नीट ओढलं तर अख्खी पट्टी एका दमात सुटते, घाई केली की मधेच तुटते. वीस देठ होईपर्यंत फक्त तेवढंच बघायचं. उद्याची यादी डोक्यात आली की परत देठ. मोबाइल फडताळात. हात खाजू नयेत म्हणून चिंचेचं पाणी जवळ.
तेलाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी लव्हेंडर तसंच मनगटाला चोळलं. लाल चट्टे, आणि त्याच हातांनी हळदीकुंकू. आता ३० मिली खोबरेल तेलात दहा-बारा थेंब, आणि आधी कोपराच्या आत थोडं लावून बघते. रात्री तळपायांना. मला झोप लागते. तेलाने की पाय चोळल्याने, देव जाणे.

नदीकाठ
इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलो होतो. तिथे मौन, उदबत्तीसुद्धा लावायची नसते, फक्त नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास. घरी आलो तर खिडकीखाली मंडळाचा डीजे. आनापान, म्हणजे हे श्वास बघणं, वगैरे सगळं पहिल्या गाण्यात गेलं. हल्ली आधी कानात बोळे, मग श्वास.
बाकी 'माइंडफुलनेस'चा जो आठ आठवड्यांचा कोर्स जगभर चालतो, तो जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केला, तोही बौद्ध ध्यानातूनच. त्यामुळे बायको म्हणते, डॉलरमधून जाऊन परत आलेलं आपलंच लोणचं आहे.

बोक्याची आई
घरात मांजर असेल तर टी ट्री तेल अजिबात नको. आमचा बोका डिफ्यूझरजवळ (तेलाचा वास हवेत सोडणारं यंत्र) लोळला, लाळ गाळायला लागला, चालताना अडखळायला लागला. आरती सोडून रिक्षाने डॉक्टरकडे. वाचला. डिफ्यूझर माळ्यावर.

पहिलटकरीण
मला बाळाच्या डॉक्टरांनी झापलं होतं. 'शांत झोपेल' म्हणून पाळण्याशी कापराची पुरचुंडी आणि उशीवर निलगिरी. दोन्ही काढायला लावलं. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, आणि आरतीच्या तबकातला कापूर रांगत्या बाळाच्या हाताशीच असतो. यंदा तबक उंच शेल्फावर.

फोंड्याची
आमच्याकडे चवथीला बाटली लागत नाही. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीला, नारळ, सुपारीचं कातर (घड), आंबाड्यांचे घोस, केळी. तिसऱ्या दिवशी केळी पिकतात आणि खाली उभं राहिलं की तो वास डोक्यावरून उतरतो. नेवऱ्या (आमच्या करंज्या) तळून झाल्या की मी तिथे उभी राहते. सासूबाईंना वाटतं पाया पडतेय.

धूपदीप
नवऱ्याला दमा. एका खोलीत धूप, उदबत्ती, कापूर आणि वर हौसेने लावलेलं डिफ्यूझर. दुसऱ्या आरतीला इनहेलर काढावा लागला. एवढंच सांगायचं होतं.

आठव्या मजल्यावरून
न्यू जर्सीत धूप लावला की स्मोक अलार्म मंत्रपुष्पांजलीच्याही वर जातो. त्यामुळे गवती चहाचं तेल, वाटीभर गरम पाण्यात तीन थेंब, देवापासून लांब. गणपती बुधवारी आला तरी गर्दी शनिवारीच. चाळीस जणांची भांडी डिशवॉशरमध्ये लावताना मी एकटीच असते, तेवढाच माझा एकांत.

माईआजी
वय ७४. आमच्या वेळी वाळा माठात टाकायचे, श्वास मोजायला सवड नव्हती. मी साठाव्या वर्षी सोळा भाज्या चिरून एकाच कढईत घातल्या. गौरी काही म्हणाल्या नाहीत, जाऊबाई वर्षभर बोलल्या. निलगिरीपेक्षा त्याने जास्त हलकं वाटलं बघ.

ठाणेकरीण
माई, एकाच कढईत भोपळा गळत नाही का? आधी काय घालायचं?

माईआजी
सुरण आणि गवार आधी, भोपळा शेवटी. आणि अळू त्यात नको, त्याचं फदफदं वेगळंच कर.

नदीकाठ
धागा भरकटतोय हे कळतंय, पण फदफद्यात चिंच की आमसूल?